मेसचा डबा, खोलीतली केटल आणि दिवसाचं ६५ ग्रॅम प्रोटीन

पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, राहणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांचं खाणं साधारण ठरलेलं असतं. दोन वेळचा मेसचा डबा, सकाळी पोहे नाहीतर चहा-खारी आणि रात्री उशिरा पुन्हा चहा. पोट भरतं, पण दोन तासांत परत भूक लागते आणि मग वडापाव होतो. या जेवणात प्रोटीन नेमकं किती कमी पडतं आणि ते कमीत कमी पैशांत कसं भरून काढायचं, याचा हा हिशेब आहे. खोलीत फक्त केटल आहे, असं धरूनच तो मांडला आहे.

आधी डब्यात काय येतं ते पाहू. मेसची पोळी पातळ असते. एका पोळीला २५ ते ३० ग्रॅम कणीक लागते आणि तिच्यात सुमारे ३ ग्रॅम प्रोटीन असतं. चार पोळ्यांचे १२ झाले. ६० ग्रॅम तांदळाच्या भातातून ४ मिळतात. भाजीतून एखाद-दुसरा ग्रॅम. राहिलं वरण. वाटी भरलेली दिसते, पण मेसच्या पातळ वरणात डाळ जेमतेम १५ ग्रॅम असते, म्हणजे प्रोटीन ३ ग्रॅम. एका डब्याचे साधारण २० आणि दोन्ही वेळचे ४०. सकाळचे पोहे धरले तर ४४.

आणि हवं किती? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला ५४ आणि ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम. पण आपलं बरंचसं प्रोटीन पोळी-भातातून येतं आणि ते कमी प्रतीचं असतं. म्हणून मेसवर जेवणाऱ्यांनी किलोमागे सरळ १ ग्रॅम धरावा. पोलीस भरतीसाठी रोज धावणाऱ्यांनी १.२ ते १.४ धरावा. ६५ किलोच्या मुलाला म्हणजे ६५ ग्रॅम हवे आणि मिळतात ४४. तूट २१ ग्रॅमची. ही तूट भरायला प्रोटीन पावडरचा डबा लागत नाही, किराणा दुकान पुरतं.

पाणी वजा करून मोजा

प्रोटीनच्या हिशेबात सगळ्यात जास्त फसवतं ते पाणी. वरणाचं उदाहरण वर आलंच. मोड आलेल्या मटकीचंही तसंच आहे. मोड आल्याने प्रोटीन वाढतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. ४० ग्रॅम कोरड्या मटकीत सुमारे ९ ग्रॅम प्रोटीन असतं. भिजून मोड आले की तिचं वजन ९०-१०० ग्रॅम होतं, पण प्रोटीन तेच ९ ग्रॅम. मोडांचे फायदे वेगळे आहेत: पचायला हलकी होते, क जीवनसत्त्व तयार होतं, लोह जास्त चांगलं शोषलं जातं. पण भाजीवाल्याकडची मोडाची मटकी घेताना आपण निम्म्याहून जास्त पैसे पाण्याचे देतो, हे लक्षात ठेवा. मटकी शिजवून वरचं पाणी तेवढं घेतलं, तर त्या कढणातही फारसं प्रोटीन उतरत नाही. ते दाण्यातच राहतं.

म्हणून नेहमी कोरडा दाणा मोजायचा. किराणावाल्याकडून एकदा ३० ग्रॅम फुटाणे आणि २० ग्रॅम शेंगदाणे काट्यावर तोलून घ्या आणि ते आपल्या मुठीत किंवा वाटीत कुठवर येतात ते पाहून ठेवा. पुढे काट्याची गरज पडत नाही.

एक ग्रॅम प्रोटीन केवढ्याला पडतं

किलोच्या भावाला त्या एका किलोतल्या प्रोटीनच्या ग्रॅमनी भागायचं, की झालं. खालचे भाव हिशेबापुरते धरलेले आहेत, तिथे तुमच्या दुकानातले घाला.

सोयावडी १५० रुपये किलो धरली, तर तिच्यात ५०० ग्रॅम प्रोटीन. एक ग्रॅम पडतो ३० पैशांना. मटकी १२० रुपये धरली तर ५५ पैशांना. शेंगदाणे १४० रुपये किलो, प्रोटीन २५० ग्रॅम, म्हणजे ५६ पैसे. तूरडाळ १३० रुपये धरली तर ६० पैसे. फुटाणे १६० रुपये, २०० ग्रॅम, म्हणजे ८० पैसे. सात रुपयांच्या अंड्यात ६ ग्रॅम, म्हणजे १ रुपया १७ पैसे. ६० रुपये लिटरच्या दुधात ३२ ग्रॅम, म्हणजे जवळपास १ रुपया ९० पैसे. ४०० रुपये किलोचं पनीर सव्वादोन रुपयांच्या आसपास जातं आणि २४०० रुपयांची किलोभर व्हे पावडर (दुधापासून केलेली प्रोटीन पावडर) तीन रुपयांच्या वर.

या हिशेबात अंडं महाग दिसलं, तरी खात असाल तर सोडू नका. त्याचं प्रोटीन सगळ्यात चांगल्या प्रतीचं असतं आणि त्यात बी-१२ मिळतं, जे कुठल्याही डाळीत किंवा कडधान्यात नसतं. अंडं न खाणाऱ्यांनी याच कारणासाठी रोज पेलाभर दूध किंवा वाटीभर दही धरावं.

रोजचे २१ ग्रॅम

रोज ३० ग्रॅम फुटाणे (६ ग्रॅम), २० ग्रॅम शेंगदाणे (५ ग्रॅम) आणि २० ग्रॅम कोरडा सोयाचुरा (१० ग्रॅम). तूट भरली. आठवड्याचं सामान: २१० ग्रॅम फुटाणे, १४० ग्रॅम शेंगदाणे, १४० ग्रॅम सोयाचुरा. वर धरलेल्या भावांनी ७५ रुपयांच्या आसपास, म्हणजे दिवसाला ११ रुपये. एका वडापावाहून कमी.

सोयाचुरा म्हणजे दुकानात सोया ग्रॅन्युल्स म्हणून मिळतात ते. खोलीत राहणाऱ्याला वडीपेक्षा हाच सोयीचा, कारण तो मेसच्या जेवणात मिसळून जातो. करायचं असं: २० ग्रॅम चुरा, म्हणजे साधारण तीन-चार चमचे, स्टीलच्या डब्यात घ्या. चिमूटभर मीठ टाका, केटलमधलं उकळतं पाणी चुऱ्याच्या दोन बोटं वर येईल इतकं ओता आणि झाकण लावून पाच मिनिटं ठेवा. चहाच्या गाळणीत ओतून चमच्याने दाबा. पुन्हा थोडं गरम पाणी घालून एकदा पिळा. मग तो वरणात किंवा रस्साभाजीत घाला आणि झाकून दोन मिनिटं मुरू द्या. पातळ वरण घट्ट होतं आणि ३ ग्रॅमची वाटी १३ ग्रॅमची होते.

सोया आवडत नाही असं म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा पिळणं कमी पडलेलं असतं. उग्र वास त्या पहिल्या पाण्यात असतो. ते पाणी चुऱ्यात राहिलं, तर कुठलाही मसाला तो वास झाकू शकत नाही. वडी वापरली तर पाणी दहा-बारा मिनिटं ठेवा आणि मुठीत धरून दोनदा घट्ट पिळा. आतला भाग कडक लागला, तर पाणी उकळतं नव्हतं असं समजा. आणखी एक गोष्ट: वडी-चुरा कारखान्यात उष्णतेने शिजून आलेला असतो, म्हणून केटलच्या पाण्यावर भागतं. अख्खं सोयाबीन किंवा कच्च्या सोयाबीनचं पीठ यांना हे लागू नाही. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रोटीनच्या पचनात अडथळा आणतात, ते नीट शिजवावंच लागतं.

फुटाणे सालासकट घ्या. भडक पिवळे दिसणारे टाळा, मळकट पिवळे बरे. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात उघडी पुडी दोन दिवसांत सादळते. चावायचा कंटाळा असेल तर कुणाच्या मिक्सरमधून बारीक करून आणा. तीन चमचे पीठ, मीठ, जिरेपूड, लिंबू आणि पेलाभर पाणी: हे सातू सकाळच्या खारीऐवजी घ्या. पीठ आधी थोड्या पाण्यात कालवा, मग बाकीचं पाणी घाला, नाहीतर गुठळ्या होतात.

शेंगदाणे भाजके, बिनमिठाचे. खारे घेतले तर हात थांबत नाही, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. बुरशी आलेला, काळा पडलेला, सुरकुतलेला किंवा कडू दाणा फेकून द्या, तोंडात गेला तर थुंका. त्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही.

केटलमध्ये काय जमतं, काय नाही

अंडी जमतात. आधी धुवा, केटलमध्ये थंड पाण्यात पूर्ण बुडवा, चालू करा. उकळी येऊन खटका पडला की झाकण न उघडता १५ मिनिटं तशीच ठेवा. पाणी कमी घेतलं तर ते लवकर निवतं आणि बलक कच्चा राहतो. केटल चहासाठी सामाईक असेल किंवा घरमालकांना अंडं चालत नसेल, तर खोलीत करू नका. भुर्जीच्या गाडीवर उकडलेली मिळतात.

मूग आणि मटकीही जमते. संध्याकाळी भिजवा, आठ तासांनी उपसून ओल्या रुमालात बांधा. उन्हाळ्यात १२ तासांत मोड येतात, डिसेंबरात २४ तासही लागतात. मध्ये एकदा पाण्यातून काढा. बुळबुळीत लागली किंवा वास आला तर टाकून द्या. कच्चे मोड खाऊ नका, त्याच दमट उबेत जंतूही वाढतात. उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवा, निथळून पुन्हा एकदा तसंच करा, मग कांदा-लिंबू घाला. लिंबू चवीपुरतं नाही, त्याने कडधान्यातलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबरचा चहा नेमका उलटं करतो, तो तासभर पुढे ढकला.

हरभरा, चवळी केटलमध्ये शिजत नाहीत. राजमा तर अजिबात करू नका. अर्धाकच्च्या राजम्याने जोरदार उलट्या-जुलाब होतात. त्याला प्रेशर कुकरच हवा. दूध, डाळ, नूडल्स केटलमध्ये घातले की तळाला लागतात, उतू जातात आणि केटल जाते.

मेसमध्ये आणि घरून

मेसमध्ये बसून जेवत असाल, तर "मावशी, वरण खालून ढवळून द्या" हे एक वाक्य रोज म्हणा. डाळ तळाशी बसलेली असते, वरच्या वाटीत हळदीचं पाणी येतं. उसळीच्या दिवशी बटाट्याची भाजी सोडून उसळ दोनदा मागा.

घरून येणाऱ्या डब्यात चिवडा-शंकरपाळ्यांऐवजी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि तिळाचे लाडू मागवा. कोकणातल्या मुलांनी भाजलेल्या सुकटीची लसूण घातलेली चटणी मागवावी: कोरड्या सुकटीत १०० ग्रॅमला ६० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, जेवताना दोन चमचे खूप झाले. मात्र भाजण्याआधी सुकट तीन-चार पाण्यांतून काढून वाळवायला सांगा, नाहीतर वाळू दाताखाली येते.

पहिल्या आठवड्यात पोटात वायू धरेल. एकदम सगळं सुरू न करता पहिले चार दिवस निम्मं प्रमाण घ्या, कडधान्य भिजवलेलं पाणी ओतून द्या आणि दिवसभर पाणी पीत राहा. मूत्रपिंडाचा विकार किंवा वाढलेलं युरिक अ‍ॅसिड असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट, म्हणजे खास जेवण असतं आणि रात्री बऱ्याच मेस बंद. त्या रात्रीसाठी: ३० ग्रॅम सोयाचुरा वरच्यासारखा भिजवून पिळा. त्यात बारीक कांदा, टोमॅटो, मूठभर फुटाणे, चमचाभर शेंगदाण्याची चटणी, मीठ आणि लिंबू घाला, बेकरीतल्या दोन पावांबरोबर खा. ३० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, दहा मिनिटांचं काम. चुरा मात्र खाण्याआधीच भिजवा. दुपारी भिजवून रात्रीपर्यंत खोलीत ठेवला, तर उन्हाळ्यात तो आंबतो.