खारपाणपट्ट्यातील घरासाठी शिडाच्या बोटीवरील पाण्याचा हिशेब

कॅनरी बेटांवरून कॅरिबियनकडे शिडाच्या बोटीने निघालेल्या कुटुंबाला अटलांटिक ओलांडण्यास साधारण तीन आठवडे लागतात, आणि सभोवती अथांग पाणी असूनही पिण्याजोगे पाणी मोजकेच असते. पूर्णेकाठच्या अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात बोअर खारी असलेल्या घराची उन्हाळ्यातील स्थिती याहून फार निराळी नसते. म्हणून त्यांची एक पद्धत उचलावी. ही कुटुंबे सगळे गोडे पाणी एकाच टाकीत ठेवत नाहीत, कारण ती गळली किंवा दूषित झाली, तर पुढच्या बंदरापर्यंत दुसरा आधार उरत नाही. आपणही टँकरचे किंवा नळाचे पाणी किमान दोन झाकणबंद भांड्यांत विभागावे, एक भांडे राखीव ठेवावे, आणि नवे पाणी आले की राखीव पाणी आधी वापरून ते भांडे घासून पुन्हा भरावे. वापरातल्या ड्रमवर रोज सकाळी पातळीची खूण केल्यास उधळपट्टी दुसऱ्याच दिवशी दिसते. बोटीवर भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी थोड्या गोड्या पाण्याने विसळतात. बोअरच्या पाण्याने हे आपल्यालाही जमते, फक्त ॲल्युमिनियमची पातेली त्यातून वगळावीत, कारण क्षारांमुळे त्यांना बारीक खड्डे पडतात. काही खलाशी भातातही थोडे समुद्राचे पाणी घालतात, परंतु त्याचे अनुकरण बोअरच्या पाण्याने करू नये. तुरीची डाळ तर जड पाण्यात नीट शिजतही नाही.