गोव्यातील उन्हाळी परसबाग : भाजी आणि औषधी रोपे कशी जगवावीत

शिगमो (होळीच्या दिवसांतला गोव्याचा सण) आटोपता आटोपता वायंगणी, म्हणजे हिवाळी भाजीचा हंगाम उतरणीला लागतो. मुळा आणि नवलकोल यांचे वाफे रिकामे होतात, आणि मग पाऊस पडेपर्यंत अनेक घरांत परसाकडे कोणी फारसे फिरकत नाही. मार्च ते मे हे तीन महिने असे वाया घालवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. गोव्याचा उन्हाळा घाटापलीकडच्यासारखा होरपळून काढणारा नसतो. दुपारचे तापमान बहुधा ३३ ते ३६ अंशांच्या आसपास राहते आणि भेंडी, तांबडी भाजी (लाल माठ), गवार, दुधी, शिराळी (दोडकी), कारली या पिकांना ते चांगले मानवते. खरी अडचण जमिनीची आहे. जांभ्याची माती पाणी धरून ठेवत नाही, उघडी राहिली की वरून कडक होते, आणि सकाळी घातलेले पाणी दुपारपर्यंत कुठल्या कुठे जाते. त्यामुळे येथील उन्हाळी परसबागेचे बहुतेक सारे तंत्र माती झाकलेली, सावलीतली आणि ओलसर ठेवण्याभोवतीच फिरते.

झाकण्यासाठी बाहेरून काही विकत आणण्याची गरज नाही. आंबा, फणस, काजू यांचा पाचोळा, भातकापणीनंतर उरलेला पेंढा आणि नारळाच्या झावळ्यांची बारीक तोडलेली पाती यांचा तीन-चार इंचांचा थर वाफ्यावर पसरावा. खोडाभोवतीची दोन-तीन बोटे जागा मात्र मोकळी सोडावी, नाहीतर ओलावा खोडाला धरून राहतो आणि बुंधा कुजतो. वाळक्या पाचोळ्याला वाळवी लागते, म्हणून आठवड्यातून एकदा थर उचलून खाली मातीच्या नळ्या दिसतात का ते पाहावे आणि दिसल्यास तेवढा भाग हलवून माती उघडी करावी. वाफा नव्याने करायचा असेल तर तळाशी नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले) पुरावीत. सोडणाची खोलगट बाजू वर ठेवावी, म्हणजे त्यात पाणी साठते आणि मुळांना ते हळूहळू मिळत राहते. ताजी सोडणे वापरण्याऐवजी काही दिवस पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून दिलेली सोडणे वापरावीत. त्यावर माती आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात घालावे. आपली माती बहुतेक ठिकाणी आम्लधर्मी असल्यामुळे चुलीतली राख मूठ-दोन मूठ मिसळणे फायद्याचे ठरते. नेमके किती आणि काय घालावे हे जाणून घ्यायचे असेल तर मातीची तपासणी करून घ्यावी. जुने गोवे येथील एला परिसरात केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे आणि तालुक्यातले विभागीय कृषी कार्यालयही याबाबत मार्गदर्शन करते.

पाणी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी घालावे. संध्याकाळी घातले तरी चालते, परंतु किनारपट्टीच्या दमट हवेत पाने रात्रभर ओली राहिली तर बुरशी लवकर धरते, म्हणून तेव्हा पाणी पानांवर न मारता बुंध्याशी सोडावे. रोज थोडे थोडे शिंपडण्याची सवय मोडावी, कारण अशाने मुळे वरच्या दोन इंचांतच राहतात आणि एखादा दिवस चुकला की रोप मान टाकते. थर बाजूला सारून बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावे. टोकाला गारवा लागला तर त्या दिवशी पाणी देऊ नये, माती कोरडी लागली तर वाफा भरपूर भिजवावा. वेलांसाठी जुन्या मडक्याची युक्ती फार उपयोगी आहे. न भाजलेले नव्हे, तर भाजलेले पण चकाकी न दिलेले साधे मडके आळ्याच्या (वेलाभोवतीच्या गोल खळग्याच्या) मध्यभागी गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि तोंडावर करवंटी पालथी ठेवावी, म्हणजे डासही होत नाहीत. मडक्यातून पाझरणारे पाणी वेल स्वतःच्या गरजेप्रमाणे ओढून घेतो.

नदीकाठच्या आणि खाजनांलगतच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांलगतच्या) गावांत एप्रिल-मेमध्ये विहिरीचे पाणी मचूळ होऊ लागते. ते चाखून पाहावे. पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी होऊ लागल्या तर ते क्षाराचे लक्षण समजावे. असे पाणी माडाला चालते, परंतु फरसबीसारख्या शेंगभाज्यांना आणि कोवळ्या रोपांना ते अजिबात मानवत नाही. त्यांच्यासाठी तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी बादलीत साठवावे. न्हाणीचे साबणाचे पाणी केळी आणि अळूपुरतेच ठेवावे. पालेभाजीवर ते कधीही सोडू नये.

पश्चिमेचे ऊन सर्वांत त्रासदायक असते. दुपारी दोननंतरची तिरीप अडवण्यासाठी वाफ्याच्या त्या बाजूला झावळ्यांचा कूड उभा करावा, किंवा चार खुंटांवर विरळ माटव (मांडव) घालावा. सकाळचे ऊन मात्र मोकळे यायला हवे. पूर्ण सावलीत भेंडी नुसती उंच वाढते आणि तिला फळ धरत नाही.

नवशिक्याने सुरुवात तांबड्या भाजीने करावी. तिचे बी अगदी बारीक असते, म्हणून ते चौपट कोरड्या रेतीत मिसळून पेरावे, वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा आणि झारीने हलके शिंपावे. मुंग्या बी पळवतात. वाफ्याच्या चारी कडांना राखेची रेघ ओढली की बराचसा बचाव होतो, पण ती भिजली की पुन्हा ओढावी लागते. तीन-चार आठवड्यांत भाजी उपटण्याजोगी होते. सगळी एकाच दिवशी न पेरता दर पंधरा दिवसांनी एक पट्टा पेरला, तर मे अखेरपर्यंत घरात भाजी तुटत नाही.

भेंडीचे बी रात्रभर भिजवून दीड फूट अंतराने लावावे. तिसवाडीतल्या सांत इस्तेव्ह गावच्या सात शिरांच्या भेंडीचे बी मिळाले तर तेच घ्यावे. लांब, फिकट हिरवे आणि कोवळे असे फळ दुकानातल्या संकरित बियांतून मिळत नाही. फळ दिसू लागल्यावर एक दिवसाआड तोडणी करावी, कारण एक भेंडी जरी झाडावर जून झाली तरी पुढचे फूल मंदावते. शिरा पिवळ्या पडून सगळे पान जाळीदार दिसू लागले तर तो केवडा रोग होय. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि त्यावर इलाज नाही. ते झाड लगेच उपटून टाकावे, माया करू नये.

वेलांबाबत दोन गोष्टी शिकून घ्याव्याच लागतात. कडक उन्हात वेलाला नर फुले जास्त येतात, त्यामुळे आठ-दहा दिवस फुलेच फुले दिसतात आणि फळ धरत नाही. तेव्हा घाबरून खत ओतू नये. मादी फूल ओळखणे सोपे आहे : पाकळ्यांच्या मागे बोटाच्या पेराएवढे इवलेसे दुधी किंवा कारले आधीच असते. दुधी आणि शिराळीची फुले संध्याकाळी उमलतात, कारल्याची आणि काकडीची सकाळी. ताजे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला पिवळा परागाचा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवून फिरवावा. पराग चिकटलेले डोळ्यांना दिसतात. परागण साधले असेल तर चार दिवसांत फळ फुगू लागते. नाहीतर ते पिवळे पडून गळते.

दुसरी गोष्ट फळमाशीची. कोवळ्या कारल्यावर सुईच्या टोकाएवढा ठिपका आणि त्यावर डिंकासारखा पारदर्शक थेंब दिसला, की माशीने आत अंडी घातली असे समजावे. पुढे फळ त्या बाजूला वाकडे होते, पिवळे पडते आणि कापल्यावर आत अळ्या वळवळताना दिसतात. असे फळ खतखड्ड्यात टाकणे म्हणजे माशा पोसणे होय, कारण अळ्या मातीत शिरून तिथेच कोष करतात. ती फळे काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवावीत. फळ बोटाएवढे झाले की त्याला वर्तमानपत्राची नळी किंवा जुन्या सुती कापडाची पिशवी चढवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. नर माश्या पकडणारे कामगंध सापळेही बाजारात मिळतात. मावा आणि तुडतुड्यांसाठी ५ टक्के निंबोळी अर्क पुरेसा आहे : ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, कापडातून गाळून त्यात थोडा साबणाचा चुरा विरघळवावा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावा.

औषधी आणि सुवासिक रोपांना फारशी उठबस लागत नाही. ब्राह्मी आणि पुदिना विहिरीच्या काठाशी, जिथे सांडलेले पाणी जाते तिथे लावावेत. गवती चहा आणि पानओवा थोड्या पाण्यातही तग धरतात. पानओव्याला तर जास्त पाणीच मारते. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या की पाला भरगच्च राहतो. कोथिंबीर उन्हाने लवकर फुलावर येते, म्हणून तिची अपेक्षा मर्यादित ठेवावी : धणे रगडून दुभागावेत, माडाच्या विरळ सावलीत पेरावेत आणि पाच-सहा पाने येताच कापून घ्यावीत.

बियाणे धरण्याचे कामही याच दिवसांत उरकावे. पहिल्या बहरातले, निरोगी वेलावरचे एक दुधी आणि दोन शिराळी मुद्दाम न तोडता पूर्ण वाळू द्यावीत. जुन्या घरांत अशी फळे चुलीवर धुराच्या वाटेत टांगत. आता गॅसच्या स्वयंपाकघरात बी काढून सावलीत सुकवावे, राखेत घोळवावे आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. काणकोणच्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या, भौगोलिक मानांकन मिळालेल्या खोला मिरचीचे बी मिळाले असेल तर त्याची रोपे मे अखेरीस वाफ्यात तयार करावीत, कारण ती मिरची पावसावरच वाढते.

मेच्या मध्यापासून नजर पावसाकडे वळवावी लागते. वळवाची एखादी सर पडून गेली की हळद, आले आणि अळू लावून घ्यावे. नागपंचमीच्या पातोळ्यांना लागणारी हळदीची पाने त्यातूनच मिळतात. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळे-भाज्या बांधून टांगायच्या चौकटीला, घरचीच काकडी, शिराळी, पडवळ बांधायचे असेल तर बी मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा या काळात मातीत पडले पाहिजे आणि मांडव त्याआधी पक्का झाला पाहिजे, कारण मुसळधार पावसात खांब पुरता येत नाहीत. पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो. त्यापूर्वी उन्हाळ्यात पाणी अडवण्यासाठी केलेली आळी मोडून प्रत्येक रोपाला उंच वरंब्यावर घ्यावे, वाफ्यांमधून उताराच्या दिशेने चर काढावेत आणि पाचोळ्याचा थर निम्म्याने कमी करून उरलेला खतखड्ड्यात टाकावा.