मेडिक्लेम असूनही बिल अंगावर पडू नये म्हणून काय करावे

खान्देशातील रुग्णाचा प्रवास बहुधा टप्प्याटप्प्याने होतो. आधी चोपडा, शहादा किंवा पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावी, तिथून जळगाव किंवा धुळ्याला आणि आजार बळावलाच तर नाशिक, सुरत अथवा मुंबईला. प्रत्येक ठिकाणचे बिल वेगळे असते आणि प्रत्येक काउंटरवर ‘होऊन जाईल, काळजी करू नका’ असे उत्तर मिळते. पुढची निम्मी भांडणे या तोंडी उत्तरातून उभी राहतात. म्हणून विमा कंपनी, टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी मध्यस्थ संस्था) आणि रुग्णालय या तिघांकडूनही प्रत्येक होकार व नकार ईमेलवर किंवा कागदावर घ्यावा.

पॉलिसी हाती असेल तर तिच्यातील खोलीभाड्याची मर्यादा सर्वांत आधी पाहावी, कारण सर्वाधिक मनस्ताप तिच्यामुळे होतो. समजा, विमा रक्कम तीन लाख आहे आणि खोलीभाडे तिच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपयांपर्यंत मान्य आहे. नातेवाइकांनी ६,००० रुपयांची खोली चार दिवस घेतली, तर भाड्यातील फरक १२,००० रुपयांचा असतो. मात्र खोलीच्या दर्जानुसार दर बदलणाऱ्या रुग्णालयात डॉक्टरांचे शुल्क, नर्सिंग व शस्त्रक्रियागृहाचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. हा खर्च ८०,००० असेल तर त्यातले ४०,००० आणि भाड्यातले १२,००० मिळून ५२,००० रुपये घरातून भरावे लागतात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही, अतिदक्षता विभागाच्या खर्चालाही नाही; तशी कपात दिसल्यास लेखी हरकत घ्यावी. काही पॉलिसींमध्ये विभागनिहाय सहभागाची अटही असते: हप्ता लहान शहराच्या दराने भरलेला आणि उपचार मुंबईत, अशा वेळी बिलाचा ठरावीक हिस्सा रुग्णाकडे येतो. रेफर होण्यापूर्वी ही अट वाचलेली बरी.

तालुक्यातील लहान नर्सिंग होमच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. दहापेक्षा कमी खाटा आहेत एवढ्या कारणावर क्लेम अडवला जातो. परंतु पॉलिसीतील ‘रुग्णालय’ या व्याख्येनुसार कायद्याखालील नोंदणी किंवा खाटा, परिचारिका, शस्त्रक्रियागृह इत्यादी किमान निकष, यांपैकी एक बाब पुरेशी असते. म्हणून महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील प्रमाणपत्राची प्रत डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्यावी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विचार भरती होतानाच करावा. योजनेत समाविष्ट रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. आपला आजार योजनेत बसतो का, हे त्याला विचारावे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण असले तरी योजना रोकडरहित आहे, त्यामुळे आधी पैसे भरून नंतर ते योजनेतून मागता येत नाहीत.

विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या (बिल कंपनीने थेट रुग्णालयाला भरण्याच्या) विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो; त्यापुढच्या उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती विमा कंपनीने सोसायची असते. तेव्हा विनंती किती वाजता गेली याची नोंद ठेवावी. घरी निघताना बाबनिहाय बिल, पावत्या, डिस्चार्ज समरी, तपासणी अहवाल आणि इनडोअर केस पेपरची प्रत घ्यावी. केस पेपरकडे लोक दुर्लक्ष करतात, पण ‘केवळ निरीक्षणासाठी भरती, घरी उपचार शक्य होते’ असा नकार आला की सलाइन, इंजेक्शने, ताप व रक्तदाबाच्या तासागणिक नोंदी त्यातच सापडतात. डिस्चार्ज समरीत ‘मधुमेह किती वर्षांपासून’ यासारखी नोंद अंदाजाने लिहिलेली असल्यास ती तिथेच डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्यावी. पूर्वीपासूनचा आजार लपवला, हा आक्षेप अनेकदा अशाच एका ओळीवर उभा असतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय हा आक्षेप कंपनीला घेता येत नाही.

क्लेम नाकारला तर पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली, हे कंपनीने लेखी सांगणे बंधनकारक आहे. ते पत्र जोडून प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर अथवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतात, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र कंपनीचा अंतिम नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज पोहोचला पाहिजे.