तांदळाचा कट्टा खरंच २५ किलोचा भरतो का? सरासरीवरून असं तपासा

समजा, तुमच्या खानावळीला तांदूळ देणारा पुरवठादार म्हणतो, "भरती सरासरी २५ किलोची, प्रमाण विचलन २०० ग्रॅम." प्रमाण विचलन म्हणजे एकेका कट्ट्याचं वजन सरासरीपासून साधारण किती मागेपुढे होतं, ते. खरंखोटं कसं करायचं?

एखादा कट्टा २४.८८० किलो भरला म्हणून भांडायला जाऊ नका. वजनांचा फरक नेहमीच्या घंटाकृती वक्राप्रमाणे असेल, तर दावा पूर्ण खरा असतानाही शंभरातले सुमारे २७ कट्टे तेवढे किंवा त्याहून हलके निघणारच. बोलायचं ते सरासरीवर.

तोलण्याआधीच हद्द ठरवून लिहून ठेवा. दावा खरा धरल्यास इतकी कमी सरासरी येण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत असेल, तरच हरकत घ्यायची. आकडे पाहून हद्द बदलली तर तपासणीला अर्थ उरत नाही.

आता १६ कट्टे निवडा. खरी मेहनत इथेच आहे. हमालाने दारापाशी ठेवलेले सोयीचे कट्टे तोलले तर पुढचा सगळा हिशेब फुकट. उतरवतानाच प्रत्येक कट्ट्यावर खडूने क्रमांक घाला, चिठ्ठ्या काढा आणि आलेला क्रमांक थप्पीच्या तळाशी असला तरी तोच काढा. काटा मुद्रांकन झालेला हवा. रिकाम्या बारदानाचं वजन वजा करा. माल आला त्याच दिवशी तोला. नंतर ओल उडून वजन घटलं तर तो पुरवठादाराचा दोष नाही.

समजा, सरासरी आली २४.८८० किलो. सरासरी एकेका कट्ट्यापेक्षा कमी मागेपुढे होते, म्हणून विचलनाला कट्ट्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. १६ चं वर्गमूळ ४, म्हणून सरासरीचं विचलन २०० भागिले ४, म्हणजे ५० ग्रॅम. तूट १२० ग्रॅमची. १२० भागिले ५० बरोबर २.४. घंटाकृती वक्राच्या शक्यता देणाऱ्या झेड तक्त्यात उणे २.४ समोर ०.००८२ दिसेल, म्हणजे हजारात सुमारे आठ. ठरवलेल्या ५ टक्क्यांच्या बरेच आत, म्हणजे हरकत घ्यायची. याचा अर्थ 'पुरवठादार ९९ टक्के खोटा' असा मात्र काढू नका. दावा खरा असता तर असा नमुना क्वचितच मिळाला असता, एवढंच हे गणित सांगतं.

विचलन सांगितलंच नसेल, तर ते स्वतःच्या १६ वजनांवरून काढा आणि झेडऐवजी टी तक्ता वापरा. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडलेली ही पद्धत अशा लहान नमुन्यांसाठीच आहे. १६ कट्ट्यांसाठी ५ टक्क्यांची हद्द १.७५३. तूट भागिले सरासरीचं विचलन हा भागाकार याहून मोठा आला, तरच हरकत घ्या.

पुरवठादाराकडे जाताना क्रमांकांसह सोळाही वजनं न्या आणि त्याच्यासमोर फेरतोल करा. तूट खरंच एवढी असेल, तर शंभर कट्ट्यांमागे १२ किलो तांदूळ कमी येतोय.