धरणावर निघायच्या आधी

नाशकात 'तळ्यावर जाऊ' म्हटलं तरी गाडी शेवटी धरणावरच जाते. आपल्या काळ्या कातळात नैसर्गिक सरोवरं जवळपास नाहीतच, गंगापूर काय, दारणा काय, वैतरणा काय, सगळं अडवलेलं पाणी. म्हणून डबा, सॅक वगैरे नंतर, आधी महिना बघा. ऑगस्ट-सप्टेंबरात धरण भरलेलं असतं आणि विसर्ग कधीही वाढतो, तेव्हा भिंतीखाली पात्रात फोटोसाठी उतरायचं नाही म्हणजे नाही. गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पुरात किती बुडाली ते बघायला आपण होळकर पुलावर गर्दी करतो ना, ते पाणी वरून गंगापूरचंच सोडलेलं असतं.

एप्रिल-मेमध्ये उलटं, पाणी इतकं मागे सरकतं की दिवाळीत जिथे पाय सोडून बसलो होतो तिथून पाण्यापर्यंत चांगलं दहा मिनिटं चालत जावं लागलं. आणि हे चालणंच फसवं असतं बरं का. गाळ वरून वाळून भेगाळलेला, खपल्या अशा हाताने उचलून येतील, आणि खाली नुसतं लोणी. माझा उजवा पाय पोटरीपर्यंत आत गेला, दोघांनी ओढल्यावर पाय आला पण सँडल तिथेच राहिली, अजूनही असेल. तेव्हा सँडल नको, लेस घट्ट बांधलेले जुने बूट, मोज्यांचा जादा जोड आणि एक काठी घ्या, पुढे टोचून बघितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

पोहण्याचं म्हणाल तर मी उतरत नाही. खाली जुने नाले, विहिरी, नदीचं मूळ पात्र सगळं बुडालेलं असतं, कमरेएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल थेट खोलात. तरी ग्रुपमध्ये एखादा हिरो असतोच, म्हणून गाडीत पंधरा मीटर दोरी आणि पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन ठेवा. कोणी गटांगळ्या खायला लागला तर त्याच्या मागे उडी मारायची नाही, कॅनला दोरी बांधून त्याच्याकडे फेकायची.

बोटिंग करणार असाल तर सकाळीच उरकून घ्या, दुपारनंतर वारा सुटला की लाटा उठतात. लाइफ जॅकेटचे सगळे बक्कल लावून मित्राला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा, जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे, दुसरं मागा. एका ठिकाणी आम्हाला बक्कलऐवजी सुतळी बांधलेलं जॅकेट दिलं होतं, आम्ही पैसे परत घेतले आणि काठावर शेंगा खात बसलो. मोबाईल झिपच्या पाऊचमध्ये, किल्ली काठावर थांबणाऱ्याकडे.

डिसेंबर-जानेवारीत मात्र बोट सोडा आणि निफाडमार्गे नांदूरमध्यमेश्वर गाठा. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथला हा इंग्रजांच्या काळातला बंधारा, शंभर वर्षांत एवढा गाळ साचला की पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, गवत माजलं, आणि पक्ष्यांना नेमकं हेच हवं असतं. 2019 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेली ही राज्यातली पहिली पाणथळ जागा, म्हणजे ज्याला आपण गाळ म्हणून नावं ठेवतो त्याचीच कमाई! पहाटे पाचला निघा. निफाडची थंडी पेपरात दरवर्षी येते ती उगाच नाही, कानटोपी आणि हातमोजे घ्याच, नाहीतर दुर्बीण धरवत नाही, हात नुसते थरथरतात. कपडे मातकट रंगाचे, लालभडक जॅकेट घातलेल्याला मागे उभं करा. चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर गेलात की आधी गप्प बसा, थापट्या आणि तलवार बदकं जवळ यायला वेळ घेतात. ब्लूटूथ स्पीकर घरीच. सुट्टे पैसे ठेवा, नेटवर्कवर विसंबू नका.

खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरे, येताना मिसळ होणारच आहे. आणि मागच्या सीटखाली गोणपाट अंथरून ठेवा, कोणीतरी चिखलाचे बूट घेऊन आत बसतंच.