शेवग्याचा पाला, उंदीर आणि खाणीची धूळ

दर जुलैत एम.फार्म.चं कुणीतरी माझ्या टेबलापुढे येऊन उभं राहतं. "मॅडम, ॲनिमियावर शेवग्याचा पाला करायचाय." कर की. पण पाला आणलास कुठून, ते आधी सांग.

मी डिचोलीची, गोव्याच्या खाणपट्ट्यातली. माझ्या पहिल्या प्रयोगाचा पाला घरासमोरच्या झाडाचा होता आणि त्या झाडावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे. भुकटीची राख करून लोह मोजलं, तर आकडा बघून मी हरखलेच. मग तोच पाला नळाखाली तीनदा धुऊन, शेवटी डिस्टिल्ड पाण्यातून काढून पुन्हा मोजला. आकडा निम्म्यावर! बाकीचं लोह ट्रकांनी दिलेलं. तेव्हापासून पाला खाणपट्ट्याबाहेरचा, धुतलेला, आणि लोखंडी खलबत्त्यात न कुटलेला. झाडाची फुलासकट एक फांदी दाबून वाळवून वनस्पतिशास्त्राच्या माणसाकडून ओळख लेखी घ्यायची, ती वेगळी.

पावसाळ्यात गोव्यात "पाला सावलीत वाळवला" असं लिहिणारा एकतर थाप मारतो, नाहीतर बुरशी वाढवतो. ट्रे ड्रायर 40 अंशांवर लावा.

अर्क कशात काढायचा? सगळे सवयीने अल्कोहोलकडे वळतात. पण पाल्यातलं लोह अल्कोहोलमध्ये फारसं उतरत नाही, चोथ्यातच राहतं. पॉलिफिनॉल, म्हणजे पाल्यातले अँटिऑक्सिडंट, मात्र उतरतात. म्हणजे अल्कोहोलचा अर्क चालला, तर श्रेय लोहाला देऊ नका. मी पाण्याचा आणि अल्कोहोलचा, दोन्ही काढायला लावते.

आयएईसीची, म्हणजे संस्थेच्या प्राणी-प्रयोग नैतिकता समितीची, मंजुरी हातात येईपर्यंत उंदराला बोट लावायचं नाही. आधी ओईसीडीच्या 423 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे अर्काच्या विषारीपणाची चाचणी. 2000 मि.ग्रॅ. प्रति किलोला काही झालं नाही, की सगळे 200 आणि 400 चा डोस ठरवतात. हा रिवाज आहे, त्यामागे फार शास्त्र शोधू नका.

आता फेनिलहायड्रॅझिन, म्हणजे उंदरांना ॲनिमिया करणारं रसायन. दोन दिवस लागोपाठ पोटात इंजेक्शन. कुणी 60 मि.ग्रॅ. प्रति किलो देतं, मी 40 वर भागवते. द्रावण ताजं, हातमोजे घालून, फ्यूम हुडमध्येच. तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन खरंच उतरलंय हे बघून मगच अर्क सुरू करा. हे रसायन तांबड्या पेशींना ऑक्सिडेशनने फोडतं. अर्क आधीपासून दिलात, तर कुठलाही अँटिऑक्सिडंट पेशी वाचवेल आणि तुम्ही त्याला "उपचार" म्हणाल.

फेनिलहायड्रॅझिन दिलेला एक गट अर्काविना, निव्वळ सीएमसीच्या (अर्क ज्यात कालवतो त्या डिंकासारख्या पुडीच्या) पाण्यावर ठेवायचा. चौदाव्या दिवसापर्यंत हे बिनऔषधाचे उंदीरही बरेचसे सावरतात. सातव्या दिवशीचा फरक बोलका. चौदाव्याला सगळेच हुशार दिसतात.

हिमोग्लोबिन ड्रॅबकिनच्या द्रावणात रक्त मिसळून, त्याचा रंग 540 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचा. इथे मुलं हमखास फसतात. फुटक्या पेशींतले हाइन्झ बॉडीज, म्हणजे बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या गुठळ्या, द्रावण गढूळ करतात आणि आकडा खोटा चढतो. वाचण्याआधी सेंट्रिफ्यूज करा. रेटिक्युलोसाइट, म्हणजे आत जाळी दिसणाऱ्या कोवळ्या तांबड्या पेशी, मोजताना न्यू मेथिलीन ब्लू हा रंग त्याच हाइन्झ बॉडीजनाही रंगवतो. हाइन्झ बॉडीज पेशीच्या कडेला चिकटलेल्या गोल ठिपक्यांसारख्या दिसतात, जाळीसारख्या नाहीत. शंभर पेशी मोजून उठू नका, हजार मोजा.

गोकुळाष्टमीला आमच्याकडे शेवग्याच्या पाल्याची भाजी होतेच, आणि रक्तवाढीची ग्वाही शेजारीणसुद्धा देते. ती ज्या ॲनिमियाबद्दल बोलते तो लोहाच्या कमतरतेचा. फेनिलहायड्रॅझिनचा तो नव्हे: पेशी फुटल्या तरी लोह शरीरातच राहतं. लोहाबद्दल काही म्हणायचं असेल, तर नुकते दूध सुटलेले उंदीर घ्या, चार-सहा आठवडे कमी लोहाच्या आहारावर ठेवा, मग त्यांना पाला द्या आणि शेजारच्या गटाला तेवढंच लोह फेरस सल्फेटमधून. वेळ नि पैसा दोन्ही जातं, म्हणून कुणी करत नाही.

केलंत, तर पाणी डिस्टिल्डच, विहिरीचं नको. पिंजरे प्लॅस्टिकचे किंवा स्टेनलेसचे, तळाला जाळी, कारण उंदीर स्वतःची लेंडी खातात. आमच्या एका विद्यार्थिनीचे उंदीर पाच आठवडे झाले तरी ॲनिमिक होईनात. शेवटी पिंजऱ्याचं झाकण उलटं करून पाहिलं. आतून गंजलेलं, आणि कडा चाटून चाटून लख्ख.