रानात फास दिसला तर: वन्यजीव गुन्ह्याची खबर कशी द्यावी

शिकार म्हटलं की बंदूक डोळ्यांपुढे येते. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या लेखी फास लावणं, जाळ्यात धरणं, आमिष टाकणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणं, इतकंच काय, यातलं काही करायचा प्रयत्नसुद्धा शिकारच. त्यामुळे खबर द्यायला जनावर मरायची वाट पाहावी लागत नाही.

१. काय बघायचं?
फास बहुधा पाणवठ्याच्या वाटेवर, कुंपणाच्या फटीत किंवा झुडपांमधल्या अरुंद जागी असतो. दुचाकीची क्लच केबल किंवा साधी तार, एक टोक बुंध्याला घट्ट बांधलेलं, दुसऱ्या टोकाला सरकगाठ. जनावराने तिथूनच जावं म्हणून दोन्ही बाजूंना काटक्या रोवून ठेवलेल्या असतात. लावला जातो रानडुकरासाठी, पण त्यात बिबट्याही अडकतो. शेताच्या तारेत वीज सोडल्याचा संशय आला तर जवळ फिरकू नका. वीज कंपनीला आणि वनविभागाला लगेच कळवा.

गावात आणि शहरातही बघण्यासारखं बरंच असतं. पिंजऱ्यातला आपल्याकडचा पोपट, ‘पैशांचा पाऊस’ पाडायला म्हणून विकलं जाणारं मांडूळ, आणि ‘हत्ताजोडी’. ही मुळी म्हणून विकतात, पण अनेकदा ते घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. गिऱ्हाईक देव्हाऱ्यात काय ठेवतंय, हे त्याला कोणी सांगत नाही.

२. हात न लावता नोंद करा
आधी लांबून फोटो काढा, म्हणजे जागा ओळखता येईल. मग जवळून, शेजारी पेन ठेवून, म्हणजे आकार कळेल. पायांचे ठसे तुडवू नका. मोबाइलच्या नकाशातून ठिकाण जतन करा. जवळच्या सीमाखांबावर कक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या तुकड्याचा क्रमांक) असेल तर तोही टिपा. वनरक्षकाला त्यावरून जागा पटकन सापडते. वेळ, गाडीचा क्रमांक, माणसं किती आणि कुठल्या दिशेने गेली, हे तिथेच लिहून ठेवा. पाठलाग नको.

फासात जिवंत जनावर असेल तर सोडवायला जाऊ नका. गोंगाटाने ते जिवाच्या आकांताने हिसके देतं आणि तार आणखी रुतते. बघ्यांची गर्दी लांब ठेवणं हीच खरी मदत.

३. कोणाला कळवायचं?
महाराष्ट्रात वनविभागाची हेल्पलाइन १९२६, पोलिसांसाठी ११२. बीटचा (त्याच्या नेमून दिलेल्या हद्दीचा) वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी ओळखीचा असेल तर थेट त्यालाच फोन करा. स्थानिक पातळीवर कोणी सामील असल्याची शंका असेल, तर उपवनसंरक्षकांकडे किंवा केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोकडे जा. ब्युरोचं विभागीय कार्यालय मुंबईत आहे. फोनवर आधी ठिकाण सांगा, मग काय दिसलं ते. तुमचे तर्क शेवटी.

आणि कृपा करून तो फोटो ग्रुपवर टाकू नका. फास लावणारा तो बघायला परत येतो. वनकर्मचारी तिथे दबा धरून त्याला पकडू शकतात, पण फोटो फिरला की तो फिरकतच नाही.

४. विक्री ऑनलाइन असेल तर
जाहिरातीचा, खात्याच्या नावाचा आणि तारखेचा स्क्रीनशॉट घ्या, लिंक जपून ठेवा आणि कळवा. गिऱ्हाईक बनून भाव करू नका. त्यात तुम्हीच अडकाल.

५. विषप्रयोग टाळण्यासाठी
वाघ-बिबट्याने गाय मारली की रागाच्या भरात मढ्यावर विष टाकलं जातं. अशा वेळी मालकाला उपदेश करण्यापेक्षा पंचनामा लवकर करवून घ्यायला आणि नुकसानभरपाईचा अर्ज भरायला मदत करा. पंचनामा होईपर्यंत मढं हलवू देऊ नका.

६. पाठपुरावा
फोननंतर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतल्या, प्राण्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. काहीच हालचाल झाली नाही, तरी याच कायद्याचं कलम ५५ नागरिकाला एक वाट देतं: गुन्ह्याची आणि तक्रार करण्याच्या इराद्याची किमान ६० दिवसांची नोटीस सरकारला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला द्यायची, आणि मुदत संपल्यावर स्वतः न्यायालयात तक्रार दाखल करायची. पोच जपून ठेवायची ती यासाठीच.